फाटली म्हणून लिहिलेल्या चादरी

३ नोव्हेंबर, सोमवार

ओल्या चादरीला दोन माणसं लागतात. एकतीस वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझा दुसरा की तिसरा दिवस होता. माझ्या आधीपासून तिथे असलेल्या एकीने, जिला आम्ही ठिगळी म्हणतो, चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ओढ." मला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी घडी घालायला शिकवली होती, पण टेबलावर, एकटीने, कडेला कड लावून. इथे टेबल नव्हतं. मी डावीकडे वळले, तीही त्याच अंगाला वळली, आणि चादरीला पीळ पडला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "हाताकडे काय बघतेस, माझ्या तोंडाकडे बघ." तोंडाकडे बघितल्यावर मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता घडी बसली. बोटांना बोटं लागली. तिच्या हातांना धुण्याच्या सोड्याचा वास होता. बस, एवढंच. त्या दिवशी दुसरं काहीही घडलं नाही.

आज ते आठवायचं कारण मात्र अगदी वीट आणणारं आहे.

दुपारी तीन वाजता लाँड्री, स्वयंपाकघर आणि स्टोअरच्या सगळ्यांना सभागृहात बोलावलं होतं. नवे प्रशासक भर उकाड्यातही कोट काढत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना कोट म्हणतो. त्या कोटाने बाहेरून एक प्रशिक्षक आणलाय. तो संस्थांमधल्या उत्स्फूर्त वागण्यावर प्रबंध लिहितोय म्हणे. चपला काढून गोल उभं राहायचं, जो चेंडू नाही तो झेलायचा आणि पुढच्याकडे फेकायचा. मग दुसरा खेळ. समोरचा काहीही बोलला तरी आपण "हो, आणि" म्हणून त्यात भर घालायची. स्टोअरकीपर म्हणाला, माझं छत गळतंय. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, हो, आणि त्यात मासे पोहतायत. टाळ्या. ठिगळीने तिथल्या तिथे त्या माणसाचं नाव ठेवलं, हो-आणि.

गेली तीस वर्षं मी रक्ताने, पुवाने आणि न लिहिण्याजोग्या कशाकशाने भरलेल्या चादरी मोजत आले आहे. कधी शिसारी आली नाही. आज आली, साठीकडे झुकलेली माणसं नसलेला चेंडू झेलण्यासाठी उड्या मारताना बघून.

शेवटी आरशाचा खेळ होता. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या हालचाली एकाच वेळी करायच्या. पुढे कोण, मागे कोण ते ठरवायचं नाही. सगळ्यांचे हात एकमेकांत अडकत होते. माझ्यासमोर ठिगळी होती. आमचं इतकं जमलं की हो-आणिने बाकीच्यांना थांबवून आमच्याकडे बघायला लावलं. हे कुठे शिकलात, त्याने विचारलं. ठिगळी म्हणाली, "चादरीत." सगळे फिदीफिदी हसले. तो हसला नाही. त्याने वहीत लिहून घेतलं.

तेवढं मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हो-आणि लाँड्रीत आला होता. चादरींच्या नोंदी माझ्याकडे असतात, शिवाय मला इंग्रजी येतं, म्हणून तो माझ्याच टेबलाशी बसला. ठिगळी जेवायला गेली होती.

सभागृहातला माणूस आणि हा माणूस, दोन वेगळे वाटले. त्याने मला त्याचा सिद्धांत समजावून सांगितला. आधी ठरवायचं आणि मग करायचं, यात जितका कमी वेळ जातो तितकं ते काम उत्स्फूर्त. पण उत्स्फूर्त म्हणजे मनाला येईल तसं नव्हे. त्यासाठी जुनी आठवण लागते, हाताशी असेल त्यातून भागवायची सवय लागते, मोजकेच पण पक्के नियम लागतात, आणि थोडी शिल्लक लागते, जी कागदावर कोणाला दिसत नाही. मी म्हटलं, म्हणजे शिवणीत आपण माया सोडतो तशी. पुढेमागे कपडा उसवावा लागला तर उपयोगी पडते. त्याने पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाला.

मग मी त्याला लाँड्रीवरच्या माळ्याचं सांगितलं. जुन्या मेट्रनबाईंच्या काळात एकदा साथ आली होती. यंत्र बंद पडलं आणि पेशंट आठवडाभर उघड्या गाद्यांवर झोपले. ते पाहून मेट्रनबाईंनी नियम केला. दर महिन्याला एक-दोन धडक्या चादरी 'फाटली, कंडेम', म्हणजे बाद, असा शेरा मारून वहीतून काढायच्या आणि माळ्यावर ठेवायच्या. वहीत असलेली चादर वॉर्डवाले ओढून नेतात. वहीत नसलेलीच अडचणीला उरते. मेट्रनबाई गेल्या, नियम राहिला. चादरी ठिगळी निवडते, शेरा मी लिहिते.

त्याला बघायचंच होतं. शिडी लावून मी त्याला वर नेलं आणि त्याच्यासमोर मोजूनही दाखवल्या. एकशे अठ्ठ्याऐंशी. त्याने फोटो काढले. त्याचा चेहरा पहिल्यांदाच समुद्र बघणाऱ्या मुलासारखा झाला होता.

आपल्या कामाकडे कोणी असं बघितलं नव्हतं. ठिगळीचं नाव आता कुठेतरी नीट लिहिलं जाईल. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, रफू असं हवं की दिसू नये. पण आयुष्यभर दिसूच नये असंही कसं चालेल?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठिगळीला सांगितलं. ती फाटक्या चादरीची आडवी अर्धी चादर बेतत होती. अर्धी जुनी झाली की उशीचा अभ्रा, अभ्रा जुना झाला की बाळाचं दुपटं, दुपटं विरलं की फरशीचं फडकं. खरी फाटलेली चादर आमच्याकडे कंडेम होतच नाही, म्हणून ती ठिगळी. तिची कात्री थांबली.

"माळा दाखवलास?"

"दाखवला. अगं, त्याला किती आवडलं सांगू."

"बरं," ती म्हणाली आणि कात्री पुन्हा चालू झाली.

तिला आनंद दाखवता येत नाही, पहिल्यापासून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं जसंच्या तसं लिहिते.

काल सकाळी सातला बॉयलरची नळी फुटली. वाफ नाही, म्हणजे धुणं नाही, वाळवणं नाही, आणि ऑपरेशनचे कपडे निर्जंतुक करणंही नाही. मेकॅनिक म्हणाला, दोन दिवस. ठिगळी म्हणाली, बघू. साडेअकरा वाजता एका शाळेच्या सभागृहाचा सज्जा कोसळल्याची बातमी आली आणि माणसं यायला लागली. त्रेसष्ट. बहुतेक पालक, मुलांचं नाटक बघायला आलेले.

ठिगळीने आवाज चढवला नाही. मला माळ्यावर चढवलं आणि खाली स्वतः उभी राहून गठ्ठे झेलले. तो खराच चेंडू होता. ऑपरेशनचे कपडे तिने डोळ्यांच्या विभागात पाठवले, तिथलं लहान यंत्र विजेवर चालतं. त्यात एका वेळी चारच गठ्ठे मावतात, म्हणून तिने गठ्ठ्यांचे आकारच बदलले. वॉर्डाच्या चादरी हाताने धुऊन जिन्याच्या कठड्यांवर घातल्या, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. मधूनमधून ती माझ्याकडे बघायची आणि मला काय हवंय ते कळायचं. दिवसभरात आम्ही दहा वाक्यंही बोललो नसू.

दुपारी मोठे डॉक्टर स्वतः लाँड्रीच्या दारात आले. अंगावर रक्त होतं. यादीप्रमाणे तुमच्याकडे चादरी संपल्यात, मग या कुठून येतायत, असं कोणीतरी त्यांच्या मागून विचारलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "कुठून आणता ते मी विचारणार नाही. आणत राहा." हे शब्द मी तेव्हाच मनात घोकून ठेवले. म्हटलं, ठिगळीच्या निवृत्तीच्या दिवशी भाषणात सांगेन. एप्रिलअखेरीस ती जाणार.

पाच जण गेले. त्यांच्याबरोबर पाच चादरी गेल्या.

हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. नियमाप्रमाणे मृताला घरच्या कपड्यात गुंडाळून द्यायचं आणि हॉस्पिटलची चादर काढून घ्यायची. जुन्या मेट्रनबाई म्हणायच्या, मेलेल्या माणसाच्या अंगावरून चादर ओढणारा हात माझ्या वॉर्डात नको. धावतपळत आलेल्या माणसांकडे कुठला आलाय घरचा कपडा. तेव्हा ठिगळी ती चादर जाऊ देते. मी वहीत 'फाटली, कंडेम' लिहिते आणि शेऱ्याच्या पुढे एक बारीक ठिपका देते. ठिपका म्हणजे गेली. ठिपका नाही म्हणजे माळ्यावर. हे आम्हा दोघींनाच माहीत. हो-आणिला मी ठिपक्यांचं सांगितलं नाही. का, ते मलाच ठाऊक नाही.

आज सकाळी पाच ठिपके दिले. कच्च्या वहीत आणि पक्क्या वहीतही. जुन्या वह्या सारताना नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्याचं पान उघडलं, ते न बघता मिटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कौतुकाचा समारंभ. सभागृहात पडद्यावर आमच्या जिन्याचा फोटो, कठड्यांवर चादरी, आणि त्यावर हो-आणिच्या हाताचे बाण. एका बाणावर आठवण, एकावर शिल्लक, एकावर नियम. ज्या कठड्यावर मी गेलेल्या पाच जणांचे कपडे पिळून घातले होते, त्यावर 'निर्मितीचा क्षण' असं लिहिलेलं. लोक केक खात होते. मी बशी खुर्चीखाली ठेवली.

ठिगळीला वर बोलावून 'उत्स्फूर्ततेचा तारा' अशी फ्रेम दिली. काहीतरी बोला म्हणाले. ती म्हणाली, बॉयलर वेळेवर दुरुस्त करा, आणि खाली आली. ती फ्रेम तिने कपडे निवडायच्या टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सारली. सहा वर्षं डगमगणारं टेबल आज गप्प झालं.

कोट मात्र माझ्याशी फार गोड बोलले. नोंदी माझ्याकडे आल्यापासूनच्या अकरा वर्षांच्या वह्या हव्या होत्या, अभ्यासासाठी. मी पुसून, क्रमाने लावून दिल्या. त्यांनी एक उघडली आणि म्हणाले, "असं अक्षर आता बघायला मिळत नाही हो. प्रत्येक शेरा कसा स्वच्छ." सिस्टरांनी पट्टी मारून वळण दिलेलं अक्षर आहे, मी म्हटलं. ठिगळी लांबून बघत होती. तिला म्हटलं, निदान वह्यांचं तरी कोणी कौतुक केलं. ती म्हणाली, "कॉन्व्हेंट, तू म्हणजे ना." ती मला लाडात आली की कॉन्व्हेंट म्हणते.

१ डिसेंबर, सोमवार

ठिगळीला नोटीस आली.

अकरा वर्षांत, ऑक्टोबरअखेर, खोटे शेरे मारून चारशे बारा चांगल्या चादरी नोंदीतून काढल्या. पैकी एकशे अठ्ठ्याऐंशी माळ्यावर बेकायदा साठवलेल्या आढळल्या. उरलेल्या दोनशे चोवीस चादरींचा अपहार. चौकशी पंधरा तारखेला. बाहेरून एक निवृत्त न्यायाधीशबाई येणार.

एकशे अठ्ठ्याऐंशी. तो आकडा मी मोजून दिलेला.

सोबत हो-आणिच्या अहवालाची प्रत होती. त्यात ठिगळीचं नाव नाही, 'कर्मचारी अ' आहे. 'लाँड्रीतील ज्येष्ठ कर्मचारी अ, स्त्री, वय अठ्ठावन्न.' लाँड्रीत अशा अ किती? मी सत्तावन्नची आहे.

त्याने तिची स्तुतीच केलीय, हे सगळ्यात ओंगळ. 'अ हिने नियम मोडून संस्थेला वाचवले.' दोन शब्दांखाली कोटाने लाल रेघ मारलीय. 'नियम मोडून' या. पुढचे दोन शब्द तसेच कोरडे.

आता लाँड्री बाहेरच्या कंपनीला देणार अशी कुजबुज आहे. त्यासाठी आतलं कोणीतरी चोर निघायला हवं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

हो-आणिला गाठलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, ते नाकारत नाही. डोळे लाल होते, सर्दीने की रडून ते कळलं नाही. तो म्हणाला, मी नाव गाळलं होतं. आणि कोणाकडून कळलं तेही लिहिलं नाही, फक्त 'एका सूत्राकडून' म्हटलंय. मी म्हटलं, अहवाल मागे घ्या. तो म्हणाला, अहवाल हॉस्पिटलचा आहे, त्यांनी करवून घेतला. मी म्हटलं, मग येऊन सांगा की यात चोरी नाही. त्यावर तो म्हणाला, मी अभ्यासक आहे, साक्षीदार नाही, आणि खिशातून खोकल्याची गोळी काढून माझ्यापुढे धरली.

मी ती गोळी घेतली. घेतली, हे लिहून ठेवते. रस्त्यावर आल्यावर थुंकले.

नाटकवाल्यांकडून यांनी नियम उचलला, समोरच्याने दिलेलं नाकारायचं नाही. मी दिलेलं त्याने कुठे नाकारलं. हो म्हणाला, आणि घेऊन गेला.

९ डिसेंबर, मंगळवार

कोटांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, माझीही नोटीस. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, "तुम्ही निर्धास्त राहा. त्यांनी सगळं लिहून दिलंय." आणि ठिगळीचा कागद माझ्याकडे सरकवला. तिचं ते मोठं, वाकडं अक्षर. शेरे मी सांगितले म्हणून लिहिले गेले. नोंदी ठेवणारी बाई भोळी आहे. तिला माळ्याचं काही माहीत नव्हतं. दोनशे चोवीस चादरी कुठे गेल्या ते मी सांगणार नाही.

आधी काय वाटलं ते लिहिते, कारण पुढे मीच ते नाकारीन. सुटल्यासारखं वाटलं. पाय हलके झाले. सगळं पाणी प्यायले. त्यानंतर राग आला, आणि तोही 'भोळी' या शब्दाचा. अकरा वर्षं मी एक ठिपका चुकू दिला नाही, आणि मी भोळी. चोरीचा शिक्का तिच्या कपाळी बसणार आणि मी माझं विशेषण पारखत बसले होते. आरशात बघवेना.

मी विचारलं, मोठ्या डॉक्टरांना विचारलंत का, त्या दिवशी ते काय म्हणाले होते? कोट म्हणाले, विचारलं. त्यांना तसं काही बोलल्याचं आठवत नाही. गडबड होती ना.

संध्याकाळी लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, मावशी स्वतःहून अंगावर घेतायत तर घेऊ देत. तू कशाला मध्ये पडतेस, तुझं थोडं राहिलंय. मी संतापून फोन ठेवला. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मला राग तिच्या बोलण्याचा नव्हता. कोटांच्या केबिनमध्ये मी पाणी पीत होते तेव्हा माझ्या मनात हेच होतं, शब्दही हेच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ठिगळीकडे गेले. तिला कामावर यायची बंदी आहे. एका खोलीत राहते, पण खोली अशी की प्रत्येक वस्तू आधी दुसरी काहीतरी होती. पडदा आधी साडी होता, पायपुसणं पडदा होतं. मला बसायला दिलेली उशी बहुधा माझ्याच जुन्या स्वेटरची.

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं मला भोळी म्हणायला?

ती म्हणाली, मग काय हुशार म्हणू? त्या पोराला शिडी लावून वर नेणाऱ्या बाईला?

एकतीस वर्षांत तिने मला एवढाच बोल लावला. मग चहा टाकला. मी रडत होते, तिने लक्ष दिलं नाही. कपात पुन्हा पुन्हा साखर घालून ढवळत राहिली. बोलली ती पाठमोरीच.

"घडी घालायला शिकवली होती ना तुला. दोघी एकाच अंगाला वळलो की पीळ पडतो. मी खाली चाललेय तर तू वर राहा. तुझी लेक आहे, जावई आहे, चार लोकांत उठबस आहे. माझं काय, ठिगळाला ठिगळ."

"आणि चोर म्हणाले तर?"

"म्हणू देत. मेलेल्यांची नावं मी सांगणार नाही. त्यांच्या घरी माणसं जातील विचारायला, तुमच्या बापाची चादर कुठाय म्हणून. तो कोट पाठवील, बघ तू."

म्हणून ती सांगत नाही. मी तर समजत होते की हट्ट आहे.

निघताना तिने माझ्या खांद्यावरची शाल सारखी केली. तिच्या हातांना अजून सोड्याचा वास येतो. दहा-बारा दिवस घरी आहे, तरीही.

१४ डिसेंबर, रविवार

पक्क्या वह्या कोटांकडे आहेत, पण कच्च्या वह्या माझ्याकडेच होत्या. त्या मागितल्या नाहीत, कारण त्यांतलं अक्षर चांगलं नाही. सकाळपासून ठिपके मोजले, ऑक्टोबरअखेरपर्यंत. ठिपक्यापुढे नाव नाही, घर नाही, फक्त तारीख आणि वॉर्ड. हॉस्पिटलच्या मृत्यूंच्या नोंदीशी तारखा ताडून बघता येतील, कोणाच्याही दाराशी न जाता. ठिगळीला हे सुचलं नाही, कारण ती वह्या वाचत नाही. मला सुचायला दोन आठवडे लागले, कारण मी फक्त अक्षर बघत होते.

ठिपके दोनशे एकवीस भरले. तीनदा मोजले. दोनशे चोवीसला तीन कमी.

दोन माझ्या विसरण्यात गेल्या असाव्यात. न चुकल्याचा तोरा मी पाच दिवसांपूर्वीच याच वहीत मिरवलाय. तो खोडत नाही.

तिसरी कुठे आहे ते मला माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात हे गेले, आमच्याच हॉस्पिटलात, सकाळी साडेनऊला. ठिगळीने नवी कोरी चादर आणून यांच्या अंगावर घातली, स्वतःच्या हातांनी चारी बाजूंनी खोचली. घरून लेकीने यांचं धोतर आणलं तेव्हा ती चादर बदलली आणि माझ्या हातात राहिली. मी परत करायला काढली तर ती म्हणाली, राहू दे. पंधरा दिवसांनी कामावर आले तेव्हा 'फाटली, कंडेम' असा शेरा मी स्वतः लिहिला. ठिपका दिला नाही. गेलेली नव्हती ना, माझ्या कपाटात होती. माळ्यावरही नव्हती. ज्या एका चादरीला खरोखर अपहार म्हणता येईल, ती मी केली.

हे ठिगळीला माहीत होतं. 'सांगणार नाही' मध्ये तेही होतं.

उद्या चौकशी आहे. मी न्यायाधीशबाईंसमोर जाणार. पुढे काय होईल ठाऊक नाही, मलाही काढतील, तेव्हा लेकीसाठी आणि जो कोणी हे वाचेल त्याच्यासाठी लिहून ठेवते, कोणाला काय द्यायचं ते.

ही दैनंदिनी न्यायाधीशबाईंना द्यायची. अख्खी, एकही पान न फाडता. अठरा नोव्हेंबरच्या पानावर मोठ्या डॉक्टरांचे शब्द आहेत, दुसऱ्याच दिवशी लिहिलेले. प्रशासकांना मी कोट म्हटलंय, तेही वाचू देत. मी गोळी घेतली, पाणी प्यायले, तेही.

कच्च्या वह्या त्यांनाच द्यायच्या. ठिपक्याचा अर्थ कळायला ही दैनंदिनी पुरेशी आहे. तारखा ताडून बघाव्यात, पण कोणाच्या घरी माणूस पाठवू नये, अशी माझी विनंती. जुन्या मेट्रनबाईंचीही तीच असती.

टेबलाच्या पायाखालची फ्रेम काढू नये. टेबल पुन्हा डगमगेल.

मोठी कात्री ठिगळीची आहे. माझं नाव घालून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती, ती फक्त वॉर्डवाल्यांनी नेऊ नये म्हणून. ती तिला.

सिस्टरांनी दिलेला रफूच्या सुयांचा डबा लेकीला. तिच्यावर माझा राग नाही. तिने जे म्हटलं ते ती माझ्याकडूनच शिकलीय, न बोलता.

हो-आणिला काही नाही. मागायला आलाच तर त्याला लाँड्रीत एक दिवस उभा करा, वही न देता.

आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातली चादर, कोपऱ्यात हॉस्पिटलचा शिक्का असलेली. ती मी उद्या बरोबर नेते. नऊ वर्षं धुतलेली नाही, आता धुवायला हवी. वहीत नोंद करायची, 'जमा, एक'. शेरा काही नको. धुऊन आली की घडी आम्ही दोघी घालू. ठिगळीला तेवढ्यापुरतं आत येऊ द्यावं, चौकशी पाच मिनिटं थांबली तरी चालेल.